‘गो टू डेफिनिशन’ चालत नाही: आउटलाइन रिकामी का येते आणि उडी का चुकते

टीममधली नवी मुलं, कॉलेजच्या प्रोजेक्टवर अडकलेले विद्यार्थी, लॅपटॉप बदललेले जुने सहकारी, सगळ्यांकडून ही तक्रार वर्षानुवर्षं माझ्याकडे येते. वाक्य ठरलेलं असतं: ‘गो टू डेफिनिशन चालत नाहीये.’ गो टू डेफिनिशन म्हणजे कोडमधल्या नावावरून ते जिथे लिहिलंय तिथे उडी मारायची एडिटरची सोय, आणि आउटलाइन म्हणजे फाइलमधल्या फंक्शन्स, क्लास अशा नावांची (सिंबॉल्सची) यादी. पण या एका वाक्याखाली बरेच वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचं कारण निराळं असतं. म्हणून एक्स्टेन्शन काढून परत टाकण्याआधी आपलं लक्षण नेमकं कोणतं ते पाहा.

लक्षणं

- आउटलाइन पूर्ण रिकामी आहे. ‘नो सिंबॉल्स फाउंड’ असा संदेश दिसतो, पण कोडला रंग मात्र व्यवस्थित आहेत.
- आउटलाइन भरलेली आहे, तरी नावावर एफ१२ दाबलं की ‘नो डेफिनिशन फाउंड’.
- त्याच फाइलमधल्या फंक्शनवर उडी जाते, दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनवर जात नाही.
- उडी जाते, पण भलतीकडे. सी++ मध्ये हेडरमधल्या डिक्लरेशनवर (जिथे नाव फक्त जाहीर केलेलं असतं), टाइपस्क्रिप्टमध्ये ‘.डी.टीएस’ फाइलवर (जिच्यात फक्त टाइप असतात, कोड नसतो), किंवा बरोबर ओळीवर पण नावापासून काही अक्षरं सरकून.
- आउटलाइनमध्ये एकाच फंक्शनच्या पोटात खालची सगळी फंक्शन्स शिरली आहेत.
- गिटची ब्रँच बदलल्यावर जुनी नावं दिसत राहतात, नवी येत नाहीत.

आधी दोन कळा दाबा

पुढे जे काही आहे ते या एका फरकावर उभं आहे. या फाइलमध्ये काय काय लिहिलंय त्याची यादी करणं हे एक काम. या नावाचा उगम अख्ख्या प्रोजेक्टमध्ये कुठे आहे ते शोधणं हे दुसरं. पहिल्याला फक्त समोरची फाइल लागते. दुसऱ्याला प्रोजेक्टची मांडणी, लायब्रऱ्या, बिल्डचे फ्लॅग, सगळं लागतं.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. समोरच्या फाइलमधल्या फंक्शन्सची आणि क्लासची यादी यायला हवी. मग कंट्रोल-टी दाबून दुसऱ्या फाइलमधल्या एखाद्या क्लासचं नाव टाइप करा.

पहिली यादीच रिकामी असेल तर एडिटरला भाषा कळलेली नाही किंवा भाषा समजून सांगणारा प्रोग्रॅम चालू नाही. दोष जवळ आहे आणि पहिल्या काही तपासण्यांतच तो सापडेल. पहिली यादी येते पण दुसरी येत नाही, तर भाषा कळली आहे, प्रोजेक्ट कळलेला नाही. मग सुरुवातीच्या तपासण्यांवरून नुसती नजर फिरवा आणि थेट ‘प्रोजेक्टचं वर्णन’ या भागाकडे या. बहुतेकांचा दिवस इथेच वाया जातो. दोष प्रोजेक्टच्या वर्णनात असतो आणि एक्स्टेन्शन मात्र काढून पुन्हा बसवलं जात असतं.

एडिटरला डेफिनिशन कळते तरी कशी

तीन मार्ग आहेत. आपला एडिटर त्यांतला कोणता वापरतोय हे माहीत असल्याशिवाय निदान होत नाही.

सर्वांत जुना मार्ग म्हणजे मजकुरातले नमुने ओळखणं. बीएसडी युनिक्सवर केन अर्नॉल्ड यांनी लिहिलेला सीटॅग्ज हा प्रोग्रॅम व्हीआय एडिटरच्या सोबतीला आला. तो सोर्स फाइली वाचून ‘टॅग्ज’ नावाची एक साधी फाइल तयार करतो. प्रत्येक ओळीत नाव, ते ज्या फाइलमध्ये आहे तिचा पत्ता आणि तिथे पोहोचण्यासाठी शोधायचा मजकूर. ईमॅक्समधला आयमेनूही मूळचा रेग्युलर एक्स्प्रेशनवर चालणारा. हा मार्ग वेगवान आहे, त्याला बिल्डची गरज नाही, पण अर्थ त्याला कळत नाही. ‘ओपन’ नावाची चार फंक्शन्स असली तर तो चारही समोर ठेवतो.

दुसरा मार्ग व्याकरणाचा. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी अ‍ॅटम एडिटरसाठी काम करताना ट्री-सिटर घडवला. तो फाइलचं व्याकरणाचं झाड बनवतो आणि तुम्ही टाइप कराल तेवढाच भाग नव्याने पार्स करतो, म्हणजे व्याकरणाने फोडून वाचतो. नीओव्हिममध्ये २०२१ च्या ०.५ आवृत्तीपासून आणि ईमॅक्समध्ये २०२३ च्या २९ व्या आवृत्तीपासून तो अंगभूत आहे. फाइलची यादी तो उत्तम देतो. पण आयात केलेलं नाव नेमकं कुठून आलं हे एका फाइलच्या झाडावरून कळत नाही.

तिसरा मार्ग लँग्वेज सर्व्हरचा. २०१६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. एडिटर फक्त प्रश्न विचारतो आणि भाषा जाणणारा स्वतंत्र प्रोग्रॅम उत्तर देतो. सी++ साठी क्लँगडी, गो साठी गोप्लीज, रस्टसाठी रस्ट-अ‍ॅनालायझर, पायथनसाठी पायराइट किंवा पायलान्स. या प्रोटोकॉलमध्येही ‘या फाइलमधली सिंबॉल्स दे’ आणि ‘या जागेवरच्या नावाची डेफिनिशन दे’ या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. वरच्या दोन कळांनी आपण त्याच वेगवेगळ्या करून पाहिल्या.

कोडला दिसणारे रंग व्हीएस कोडमध्ये मुळात टेक्स्टमेटच्या व्याकरणातून येतात. ती यंत्रणा लँग्वेज सर्व्हरपेक्षा पूर्ण वेगळी आहे. त्यामुळे ‘रंग दिसतायत म्हणजे भाषा सपोर्ट आहे’ हा निष्कर्ष काढू नका. रंग सर्व्हरशिवायही दिसतात.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

*थांबा.* मोठा प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला की सर्व्हर इंडेक्स, म्हणजे सगळ्या नावांची शोधसूची, बांधत असतो. खालच्या पट्टीत गोल फिरणारं चिन्ह किंवा ‘इंडेक्सिंग’ असा शब्द दिसतोय का ते पाहा. जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये तर इंडेक्स होईपर्यंत कित्येक सोयी मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात. या वेळात एडिटर बंद करून पुन्हा उघडणारे लोक मी नेहमी पाहतो. सर्व्हरने मधला इंडेक्स जपून ठेवलेला नसेल तर काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

*भाषा कोणती लावली आहे?* खाली उजव्या कोपऱ्यात ‘पायथन’, ‘सी++’ असं लिहिलेलं असतं. तिथे ‘प्लेन टेक्स्ट’ असेल तर कुठलाही सर्व्हर या फाइलकडे पाहणारसुद्धा नाही. जुन्या पीएचपी प्रोजेक्टमध्ये ‘.इंक’ शेपटाच्या फाइली असतात, त्यांचं हमखास असं होतं. सेटिंगमध्ये ‘फाइल्स असोसिएशन्स’ शोधून ते शेपूट पीएचपीला जोडा. नवी फाइल अजून सेव्हच केली नसेल तर एडिटरला शेपूटच माहीत नसतं, म्हणून आधी सेव्ह करा.

*फोल्डर उघडला आहे की सुटी फाइल?* फाइल मॅनेजरमधून एकाच फाइलवर डबल-क्लिक केलं की एडिटरला प्रोजेक्टची कल्पना येत नाही. आउटलाइन येईल, शेजारच्या फाइलमधली डेफिनिशन सापडेलच असं नाही. प्रोजेक्टचं मूळ फोल्डर उघडा. मूळ म्हणजे जिथे ‘गो.मॉड’, ‘कार्गो.टॉमल’, ‘टीएसकॉन्फिग.जेसन’ यांसारखी फाइल आहे ते. त्याच्या दोन पायऱ्या वरचं फोल्डर उघडलं तरी काही सर्व्हर गोंधळतात.

*‘रिस्ट्रिक्टेड मोड’ दिसतोय का?* २०२१ पासून व्हीएस कोड अनोळखी फोल्डर उघडताना विश्वास ठेवायचा का असं विचारतो. घाईत ‘नाही’ दाबलं गेलं की बरीच एक्स्टेन्शन्स बंद किंवा अर्धवट चालतात. कोड कुठून आला हे माहीत असेल तरच विश्वास द्या. अनोळखी माणसाने पाठवलेल्या झिपसाठी ही सोय बंदच राहिलेली बरी, कारण भाषेची कित्येक साधनं प्रोजेक्टमधल्या स्क्रिप्ट चालवतात.

*कंस तुटलाय का?* एका फंक्शनच्या पोटात बाकी सगळी शिरली असतील तर जवळपास नेहमी वर कुठेतरी बंद न झालेला महिरपी कंस किंवा अवतरणचिन्ह असतं. पार्सर चूक सावरायचा प्रयत्न करतो, पण फंक्शन कुठे संपलं हे त्याला कळत नाही, म्हणून पुढचं सगळं तो त्याच्याच आत टाकतो. गिटच्या मर्जमधून राहिलेल्या ‘<<<<<<<’ अशा खुणाही शोधा. यादीत जिथून गडबड सुरू होते, त्याच्या लगेच वरचं फंक्शन आधी तपासायचं.

*यादीवर गाळणी लावली आहे का?* आउटलाइनमध्ये व्हेरिएबल, फील्ड, प्रॉपर्टी असे प्रकार लपवायच्या सेटिंग्ज असतात. ‘फंक्शन्स दिसतात, कॉन्स्टंट दिसत नाहीत’ अशी तक्रार असेल तर एवढंच बघा.

सर्व्हर जिवंत आहे का

इथून पुढे थोडा वेळ जाईल, पैसा जाणार नाही.

एक्स्टेन्शन बसवलेलं आहे, पण योग्य बाजूला आहे का? विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) किंवा एसएसएचने दूरच्या मशीनवर काम करत असाल, तर भाषेचं एक्स्टेन्शन त्या बाजूला बसवावं लागतं. एक्स्टेन्शनच्या पानावर ‘इन्स्टॉल इन डब्ल्यूएसएल’ असं बटण दिसत असेल तर तुमचं उत्तर तेच.

एकाच भाषेची दोन एक्स्टेन्शन्स चालू आहेत का? सी++ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्स्टेन्शन आणि क्लँगडी दोन्ही चालू ठेवले की एका नावाला दोन उत्तरं येतात, किंवा जुनं उत्तर आधी येतं. एक ठेवा.

मग कमांड पॅलेट उघडून सर्व्हर पुन्हा सुरू करा. टाइपस्क्रिप्टसाठी ‘रीस्टार्ट टीएस सर्व्हर’, क्लँगडीसाठी ‘रीस्टार्ट लँग्वेज सर्व्हर’, तसंच पायथनसाठी. अख्खा एडिटर बंद करायची गरज नाही. रीस्टार्टने सुटलं आणि पुन्हा पुन्हा होत राहिलं, तर तो उपाय झाला असं समजू नका. सर्व्हर का पडतोय ते शोधावंच लागेल.

त्यासाठी ‘आउटपुट’ पॅनल उघडा आणि उजवीकडच्या यादीतून त्या भाषेचा सर्व्हर निवडा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण ही जागा कधी उघडतच नाहीत आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच शब्दांत लिहिलेलं असतं: अमुक हेडर सापडलं नाही, अमुक कमांड पाथवर नाही, मेमरी संपली. शेवटच्या ओळी नाही, पहिली चूक वाचा. पुढच्या चुका बहुतेक तिच्यातूनच निघालेल्या असतात.

प्रोजेक्टचं वर्णन

यादी येते, उडी जात नाही, तर दोष बहुतांशी इथे असतो. कंपायलरला प्रोजेक्ट कसा बांधायचा हे बिल्ड सिस्टिम सांगते. लँग्वेज सर्व्हरला ते सांगणारं कोणी नसतं, म्हणून तो अंदाज बांधतो.

सी आणि सी++ मध्ये हे सर्वांत ठळक दिसतं. क्लँगडीला ‘कंपाइल_कमांड्स.जेसन’ नावाची फाइल लागते. कुठली फाइल कोणत्या फ्लॅगने कंपाइल होते, हेडर कुठे शोधायचे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ती सोर्स फाइलच्या वरच्या फोल्डरांत, आणि त्या फोल्डरांतल्या ‘बिल्ड’ नावाच्या उपफोल्डरातही शोधली जाते. सीमेक (बिल्डच्या फाइली तयार करणारं साधन) वापरत असाल तर ‘सीमेक_एक्सपोर्ट_कंपाइल_कमांड्स’ हा पर्याय ‘ऑन’ करून पुन्हा कॉन्फिगर करा. मात्र हा पर्याय मेकफाइल आणि निन्जा यांनाच लागू होतो. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर निवडलेला असेल तर तो मुकाट्याने सोडून दिला जातो. लोक पर्याय लावतात, फाइल तयार होत नाही आणि कारण कुठेच दिसत नाही. नुसतं मेक वापरत असाल तर ‘बेअर’ हा प्रोग्रॅम पुढे लावून मेक चालवा, पण आधी ‘मेक क्लीन’ करा. बेअर फक्त प्रत्यक्ष चाललेल्या कंपायलरच्या कमांड टिपतो. सगळं आधीच बांधलेलं असेल तर टिपायला काही नसतं आणि फाइल रिकामी येते.

उडी हेडरमधल्या डिक्लरेशनवरच थांबत असेल तर क्लँगडीने ती ‘.सीपीपी’ फाइल अजून इंडेक्स केलेली नाही किंवा ती त्या जेसन फाइलमध्ये नोंदलेलीच नाही. जेसन उघडून त्या फाइलचं नाव शोधा. दुसरं काही करण्याआधी हे करा.

टाइपस्क्रिप्ट-जावास्क्रिप्टवाल्यांना वारंवार छळणारा दोष म्हणजे ‘@/’ ने सुरू होणारे आयात पत्ते. वेबपॅक किंवा व्हीट यांच्या कॉन्फिगमध्ये तो शॉर्टकट लिहिलेला असतो, म्हणून अ‍ॅप चालतं. पण एडिटरचा सर्व्हर ती फाइल वाचत नाही. तो ‘टीएसकॉन्फिग’ वाचतो आणि तिथे ‘पाथ्स’मध्ये हाच शॉर्टकट पुन्हा लिहावा लागतो. शुद्ध जावास्क्रिप्ट असेल तर ‘जेएसकॉन्फिग.जेसन’. समोरची फाइल कुठल्या कॉन्फिगखाली येते हे विचारायला ‘गो टू प्रोजेक्ट कॉन्फिगरेशन’ ही कमांड आहे. ती ‘ही फाइल कुठल्याच प्रोजेक्टचा भाग नाही’ म्हणाली तर ‘इन्क्लूड’ची यादी तपासा.

एका रेपोत अनेक पॅकेज असले की उडी ‘.डी.टीएस’वर जाऊन थांबते, कारण दुसऱ्या पॅकेजचं बांधलेलं रूपच सर्व्हरला दिसतं. त्या पॅकेजच्या टीएसकॉन्फिगमध्ये ‘डिक्लरेशनमॅप’ चालू करून ते एकदा बांधा, उडी मूळ सोर्सवर जाऊ लागते. बाहेरच्या लायब्ररीसाठी टाइपस्क्रिप्ट ४.७ पासून ‘गो टू सोर्स डेफिनिशन’ अशी वेगळी कमांड आहे, ती वापरा.

पायथनमध्ये पहिला प्रश्न इंटरप्रिटरचा. टर्मिनलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू आहे म्हणून एडिटरमध्येही तेच निवडलंय असं नसतं. खालच्या पट्टीत आवृत्ती आणि एन्व्हायर्नमेंटचं नाव वाचा, चुकीचं असेल तर ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’. आपलंच पॅकेज ‘पिप इन्स्टॉल -ई’ने बसवलेलं असेल आणि ते चालत असूनही उडी जात नसेल, तर सेटअपटूल्सच्या नव्या पद्धतीचा संशय घ्या. तिच्यात आयातीची जागा कधीकधी धावताना ठरवली जाते. पायराइट आणि पायलान्स कोड चालवत नाहीत, नुसता वाचतात, त्यामुळे त्यांना ती जागा दिसत नाही. ‘एडिटेबल_मोड=कॉम्पॅट’ हे कॉन्फिग सेटिंग देऊन पुन्हा बसवा किंवा ‘एक्स्ट्रा पाथ्स’मध्ये फोल्डर लिहा.

गो मध्ये एका एडिटरखाली अनेक मॉड्यूल असतील तर ‘गो.वर्क’ फाइल करा, ती गो १.१८ पासून आहे. आणि फाइलच्या डोक्यावर ‘गो:बिल्ड लिनक्स’ अशी ओळ असेल तर विंडोजवर ती फाइल बिल्डमधून वगळली जाते. तिच्यातल्या नावांवर उडी जात नसेल तर आधी ती ओळ पाहा.

एक गोष्ट सगळ्या भाषांना लागू आहे. काही कोड बिल्डच्या वेळी तयार होतो. प्रोटोबफच्या (डेटाचा आराखडा लिहायच्या) फाइलींतून निघणारे क्लास गिटमध्ये नसतात, ‘.गिटइग्नोर’मध्ये असतात. नुकताच क्लोन केलेल्या रेपोत त्या डेफिनिशन अस्तित्वातच नसतात, मग सापडणार कुठून? एकदा पूर्ण बिल्ड करा, मग सर्व्हर रीस्टार्ट करा.

कोडमध्ये देवनागरी असेल तर

हा भाग आपल्याकडच्या लोकांना इतरत्र वाचायला मिळत नाही, म्हणून थोडा सविस्तर.

उडी बरोबर ओळीवर जाते पण काही अक्षरं सरकून पडते आणि त्या ओळीत नावाच्या आधी मराठी मजकूर आहे, असं असेल तर दोष मोजणीचा आहे. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात एक एकक असतं, पण फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली की तेच चिन्ह तीन बाइट घेतं. सर्व्हरने चुकून बाइट मोजले तर मराठी स्ट्रिंगनंतरच्या प्रत्येक नावाची जागा चुकते. प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून दोन्ही बाजू मोजणीची पद्धत आपसात ठरवू शकतात, म्हणून सर्व्हर आणि एडिटर दोन्ही अद्ययावत करा. तरीही राहिलं तर तो सर्व्हरचा दोष आहे, तुमच्या कोडचा नाही. तो निश्चिंतपणे कळवा.

व्हेरिएबलचं किंवा फंक्शनचं नावच मराठीत असेल तर वेगळी अडचण येते. पायथन ३ मध्ये ‘किंमत’ हे वैध नाव आहे आणि प्रोग्रॅम चालतो. पण नमुन्यांवर चालणाऱ्या साधनांत नाव ओळखायला बरेचदा ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हा संकेत वापरलेला असतो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये त्यात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा बसतात. पायथनच्या स्वतःच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘क’ बसतो, पण त्याला लागलेली वेलांटी बसत नाही, कारण मात्रा आणि अनुस्वार यांना युनिकोडमध्ये अक्षर न मानता जोडचिन्ह मानलेलं आहे. म्हणजे ‘किंमत’ पहिल्याच अक्षरानंतर तुटतं आणि यादीत नुसता ‘क’ येतो किंवा काहीच येत नाही. पायथनचा कंपायलर आणि तुमची नेव्हिगेशन यंत्रणा इथे एकमेकांशी सहमत नसतात. उपाय दोनच. नमुन्यांवर चालणारं साधन सोडून लँग्वेज सर्व्हर किंवा ट्री-सिटर वापरा, नाहीतर नमुना स्वतः सुधारा.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘ऱ’ हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येतं, किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पायथन नावांचं एकसारखं रूप करून घेतो, म्हणून त्याला ती दोन्ही नावं एकच वाटतात. साध्या मजकूर-शोधाला ती वेगळी वाटतात. दोन माणसांचे कीबोर्ड लेआउट वेगळे असले की हा घोळ प्रत्यक्षात होतो.

व्हिम आणि ईमॅक्सवाले

‘ई४३३’ म्हणजे व्हिमला टॅग्ज फाइलच मिळाली नाही. ‘ई४२६’ म्हणजे फाइल आहे, नाव तिच्यात नाही. पहिल्यासाठी ‘टॅग्ज’ सेटिंगमध्ये फाइलच्या नावानंतर अर्धविराम द्या, म्हणजे व्हिम वरच्या फोल्डरांतही शोधत जातो. दुसऱ्यासाठी टॅग्ज पुन्हा बनवा.

मॅकवर ‘-आर’ हा पर्याय दिल्यावर ‘इल्लीगल ऑप्शन’ आलं तर तुम्ही सिस्टिमसोबत आलेला जुना बीएसडी सीटॅग्ज चालवताय. युनिव्हर्सल सीटॅग्ज बसवा आणि पाथमध्ये तो आधी येतो याची खात्री करा. एक्झुबरंट सीटॅग्जची शेवटची आवृत्ती ५.८, २००९ ची. आजच्या भाषांसाठी ती वापरू नका.

मॅक्रोतून जन्मणारी नावं सीटॅग्जला दिसत नाहीत. लिनक्स कर्नल हे याचं ठळक उदाहरण. ‘रीड’ हा सिस्टिम कॉल ‘सिसकॉल_डिफाइन३’ या मॅक्रोने लिहिलेला आहे, त्यामुळे ‘सिस_रीड’ हे नाव डेफिनिशन म्हणून सोर्समध्ये कुठे लिहिलेलंच नाही. कर्नलच्या लोकांनी त्यासाठी टॅग्जच्या स्क्रिप्टमध्ये खास नमुने घातले आहेत. म्हणून तिथे हाताने सीटॅग्ज चालवू नका, ‘मेक टॅग्ज’ करा. क्लँगडी हवा असेल तर कर्नल एकदा बिल्ड झाल्यावर मेकला ‘कंपाइल_कमांड्स.जेसन’ हेच टार्गेट देता येतं.

ईमॅक्समध्ये आयमेनू जुनी यादी दाखवत राहिला तर यादीतला ‘रीस्कॅन’ निवडा. ते आपोआप व्हावं असं वाटत असेल तर ‘आयमेनू-ऑटो-रीस्कॅन’ चालू करा, मुळात तो बंद असतो.

जुना इंडेक्स आणि फाइलींवरची नजर

ब्रँच बदलल्यावर जुनीच नावं दिसतात, याचा अर्थ फाइली बदलल्याचं सर्व्हरला कळलं नाही. लिनक्सवर एका वेळी किती फाइलींवर नजर ठेवता येते याला मर्यादा आहे. जुन्या कर्नलमध्ये ती ८१९२ होती आणि एखादा मोठा ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर ती सहज संपवतो. व्हीएस कोड तसा इशाराही देतो. आधी बिनकामाचे फोल्डर ‘वॉचर एक्सक्लूड’मध्ये टाका. नाहीच भागलं तर ‘आयनोटिफाय मॅक्स_यूजर_वॉचेस’ ५२४२८८ पर्यंत वाढवता येतं, पण सगळी मर्यादा वापरली गेली तर सुमारे ५४० एमबी मेमरी जाते. कमी मेमरीच्या मशीनवर हे लक्षात ठेवा.

कॅशे पुसणं हा शेवटचा उपाय आहे. क्लँगडीसाठी प्रोजेक्टमधला ‘.कॅशे/क्लँगडी’, जावासाठी ‘क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस’, जेटब्रेन्समध्ये ‘इन्व्हॅलिडेट कॅशेस’. मोठ्या प्रोजेक्टवर पुन्हा इंडेक्स व्हायला बराच वेळ जातो, शिवाय पुसल्यावर लॉगमधला पुरावाही जातो. म्हणून लॉगची प्रत आधी बाजूला ठेवा.

इथे थांबा

काही वेळा बिघाड नसतोच. जँगोच्या मॉडेलवरचं ‘ऑब्जेक्ट्स’ तुमच्या क्लासमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं, क्लास तयार होताना ते जोडलं जातं. रुबीमधल्या ‘डिफाइन_मेथड’ने बनवलेल्या मेथडचंही तेच. पायथनमध्ये ‘गेटअ‍ॅट्र’ला स्ट्रिंग देऊन बोलावलेल्या नावावर कुठलाही सर्व्हर खात्रीने उडी मारू शकत नाही. जँगोसाठी टाइप स्टब्ज बसवले की बरंचसं सुधारतं. बाकीच्या ठिकाणी साधा मजकूर-शोध वापरा आणि पुढच्या कामाला लागा.

पुढील परिस्थितीत मात्र स्वतः खटपट करू नका, जाणकाराला बोलवा.

उपाय म्हणून बिल्डची फाइल, टीएसकॉन्फिग किंवा सीमेकची मुख्य फाइल बदलावी लागत असेल आणि त्याच फाइलवर टीमचा सर्व्हरवरचा बिल्ड चालत असेल, तर बिल्ड सांभाळणाऱ्या माणसाशी आधी बोला. तुमच्या एडिटरची उडी सुधारताना सगळ्यांचा रिलीज अडू शकतो. क्रॉस-कंपायलर, वेंडरचा एसडीके किंवा एम्बेडेड बोर्डाची टूलचेन असेल तर फ्लॅग अंदाजाने लिहू नका. ती टूलचेन ज्याने उभी केली त्यालाच विचारा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर सर्व्हरची फाइल अँटिव्हायरस अडवत असेल किंवा खासगी पॅकेजच्या रजिस्ट्रीची परवानगी नसेल, तर ते आयटी विभागाचं काम आहे. अँटिव्हायरस बंद करून पाहू नका.

आणि सर्व्हर एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तो सर्व्हरचा बग आहे. सेटिंग बदलत बसण्यापेक्षा तो बनवणाऱ्यांना कळवा. कळवताना एडिटरची आणि सर्व्हरची आवृत्ती द्या, ऑपरेटिंग सिस्टिम सांगा, लॉगमधली पहिली चूक जोडा आणि फाइल अर्धी-अर्धी कापत बिघाड टिकवून ठेवणारा लहानात लहान तुकडा द्या. क्लँगडीला ‘--चेक’ हा पर्याय देऊन एकच फाइल टर्मिनलवर तपासता येते, तिचं आउटपुट जोडलं तर एडिटरचा भाग वेगळा काढता येतो. कंपनीचा कोड असेल तर तुकड्यातली नावं, पत्ते आणि पासवर्ड बदलून मगच पाठवा.